ठाणे-नवी मुंबईतून वेगवान गोलंदाज घडायचं तर: पहिल्या स्पाइक्सपासून रणजीच्या दारापर्यंत

मुलगा किंवा मुलगी तेरा-चौदा वर्षांची आहे, सोसायटीत तिचा बॉल कुणाला खेळता येत नाही, शाळेतले सर म्हणतात हिला सीझन बॉलवर, म्हणजे चामड्याच्या कठीण चेंडूवर घाला. हा लेख त्या टप्प्यावरच्या खेळाडूंसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. वेग वाढवायचे उपाय सांगणारे पुष्कळ भेटतील. पण या पट्ट्यात वेगवान गोलंदाज वेगाअभावी कमी आणि चौदा ते एकोणीस या वयात पाठ गेल्यामुळे जास्त थांबतात. म्हणून पहिली खरेदी बॅटची नाही, स्पाइक्सचीही नाही. एक वही घ्या. रोज किती चेंडू टाकले, कुठे टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाठ कशी होती, एवढंच तिच्यात लिहायचं. या वहीचं काम पुढे येईल.

आधी हद्द आणि वय

ठाणे, कल्याण, डोंबिवली, ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर हा सगळा भाग मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे येतो. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर पश्चिमेवर डहाणू, मध्यवर बदलापूर आणि हार्बरवर खारघर इथपर्यंत मुंबई. पनवेल, उरण, पेण हे रायगडमध्ये मोडतं आणि रायगडची जिल्हा संघटना महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे, म्हणजे पुण्याकडे आहे. त्यामुळे एकाच अकादमीत शेजारी-शेजारी बॉल टाकणारी दोन मुलं वेगवेगळ्या रणजी संघांसाठी धडपडत असू शकतात. तुम्ही खारघरच्या सीमेवर राहत असाल, किंवा शाळा एका बाजूला आणि घर दुसऱ्या बाजूला असेल, तर नोंदणीआधी असोसिएशनच्या कार्यालयात जाऊन नक्की करून घ्या. एखाद्या ओळखीच्याने 'चालतं' म्हटलं म्हणून नातेवाइकांचा पत्ता लावू नका. वय किंवा रहिवासाबद्दल खोटी कागदपत्रं सापडली तर बीसीसीआयच्या नियमानुसार दोन वर्षांची बंदी येते, आणि वेगवान गोलंदाजाच्या हातात तशीही वर्षं मोजकीच असतात.

वयोगट 1 सप्टेंबर या तारखेवर ठरतो. 16 वर्षांखालील मुलांच्या गटात कागदांखेरीज डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय मोजतात. या तपासणीला टीडब्ल्यू3 म्हणतात. ज्या मुलाची वाढ लवकर झाली आहे तो खऱ्या वयाने बसत असूनही इथे बाहेर पडू शकतो. तसं झालं तर खचून न जाता पुढच्या गटाची तयारी सुरू करायची. उंच, लवकर वाढलेल्या गोलंदाजाच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात ठेवा.

साहित्य

चेंडूचं वजन वयाप्रमाणे बदलतं. 13 वर्षांखालच्यांसाठी 133 ते 144 ग्रॅम, महिलांसाठी 140 ते 151 ग्रॅम, पुरुषांसाठी 155.9 ते 163 ग्रॅम. बाराव्या वर्षी मोठ्यांचा चेंडू दिला की मूल तो खांद्याऐवजी कमरेतून फेकायला लागतं आणि ती सवय पुढे सुटत नाही. लहान चेंडू मागून घ्या, दुकानात मिळतो.

बुटांचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे घरोघरी चूक होते. लोखंडी स्पाइक्स फक्त टर्फ विकेट आणि मातीच्या मैदानासाठी असतात. मॅटिंगवर, सिमेंटवर किंवा अ‍ॅस्ट्रोटर्फवर रबरी तळाचे बूट घालायचे. स्पाइक्स घालून अ‍ॅस्ट्रोटर्फवर उतरलात तर पाय अडकतो आणि गुडघा पिळवटतो. बूट घेताना गोलंदाजीचे जाड मोजे घालून मापा. बोटांपुढे अर्धा अंगठा जागा हवी, टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. पुढच्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडत असेल तर पाय बुटात पुढे सरकतोय असं समजा. लेस शेवटच्या वरच्या भोकांतून ओवून टाच आवळून बांधा. उजव्या हाताच्या गोलंदाजाचा उजवा बूट अंगठ्याजवळ आधी झिजतो, कारण चेंडू सुटताना मागचा पाय जमिनीवरून ओढला जातो. तिथे चांभाराकडून चामड्याचा किंवा रबराचा तुकडा लावून घेतला की बूट बराच जास्त टिकतो.

अ‍ॅक्शन: कंबर आणि खांदे एकाच दिशेला

साइड-ऑन (अंग फलंदाजाला आडवं), फ्रंट-ऑन (छाती फलंदाजाकडे) आणि मधली सेमी-ओपन या तिन्ही अ‍ॅक्शन चालतात. चालत नाही ती मिश्र अ‍ॅक्शन. मागचा पाय पडताना कंबर फलंदाजाकडे तोंड करून आणि खांदे साइडला, किंवा याच्या उलट, असं झालं की पुढच्या क्षणी पाठीचा खालचा भाग पिळला जातो. त्याच वेळी पुढचा पाय जमिनीवर आदळतो आणि शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट भार अंगावर येतो. पीळ आणि भार एकत्र आले की कमरेच्या मणक्यांना, विशेषतः चौथ्या-पाचव्याला, बारीक तडा जातो. उजव्या हाताच्या गोलंदाजाला तो बहुधा डाव्या बाजूला जातो.

हे घरी तपासता येतं. मोबाइल गोलंदाजाच्या मागे, स्टंपच्या रेषेत, कमरेच्या उंचीवर ठेवा आणि स्लो मोशनमध्ये सहा चेंडू घ्या. मागचा पाय टेकला त्या क्षणी चित्र थांबवा. मागच्या पावलाची दिशा, कमरेचा पट्टा आणि दोन्ही खांद्यांना जोडणारी रेषा या तिन्ही गोष्टी जुळतात का बघा. पाऊल फलंदाजाकडे आणि खांदे पूर्ण साइडला असं दिसलं तर कोचना दाखवा. दुसरी फीत बाजूने घ्या. पुढचा गुडघा फार दुमडतोय का ते तिच्यात दिसतं. डोकं ऑफ साइडला पडतंय का ते मागून घेतलेल्या फितीत बघा. डोकं पडणाऱ्याचे चेंडू लेगला जातात आणि तो बिचारा हात सुधारत बसतो.

कोपराचा नियमही इथेच बघून घ्या. हात खांद्याच्या उंचीला आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलांत फेकीची सवय खूप दिसते. टेनिस क्रिकेटला आम्ही नावं ठेवत नाही. ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर 2024 मध्ये टेनिस बॉलची आयएसपीएल ही लीग सुरू झाली, तिथे चांगले पैसे आहेत आणि यॉर्कर शिकायला तो खेळ उत्तम आहे. मात्र हलका चेंडू झटक्याने सोडणारा हात सीझन बॉलवर दुखावतो. आणि दोन पावलांत जोर काढायचं बॉक्स क्रिकेट तर सीझन बॉलवाल्या गोलंदाजाने गोलंदाजीसाठी टाळावंच. तिथे हवी तेवढी बॅटिंग करा.

रनअप मोजायचा कसा

बहुतेक मुलं आवडत्या गोलंदाजाएवढा लांब रनअप घेतात. त्याऐवजी असं करा. पॉपिंग क्रीजवर (पुढचा पाय पडतो तिथल्या आडव्या रेघेवर) उभे राहा, पाठ फलंदाजाकडे, आणि मैदानाच्या दिशेने मोकळेपणाने धावत सुटा. वेग बसला की जिथे उडी आपोआप येईल तिथे उडी घेऊन हात फिरवा. सोबत्याने तुमचा पुढचा पाय पडला तिथे खूण करायची. हे आठ वेळा करा, सगळ्यात लांबची आणि सगळ्यात जवळची खूण सोडून द्या, उरलेल्यांचा मध्य घ्या. टेपने मोजा, मग स्वतःच्या पावलांनीही मोजा आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला साधारण 12 ते 16 मीटर पुरतात.

सुरुवात नेहमी एकाच पायाने. दुसरी खूण चौथ्या पावलावर ठेवा. नो बॉल पडायला लागले की सगळे शेवटच्या उडीत बदल करतात, पण बिघाड बहुतेक वेळा पहिल्या चार पावलांत असतो. उत्साहात पहिली पावलं लांब पडतात आणि सगळं पुढे सरकतं. चौथ्या पावलावरची खूण ओलांडली गेली का बघा, तिथेच उत्तर मिळेल. पुढच्या पायाचा काही भाग पॉपिंग क्रीजच्या मागे हवा, आणि मागचा पाय रिटर्न क्रीजला (बाजूच्या उभ्या रेघेला) स्पर्शसुद्धा न करता आत. नेटमध्ये क्रीजची रेघ नसते, म्हणून तिथे अर्धा फूट पुढून टाकायची सवय लागते. खिशात खडू ठेवा, सिमेंटवर रेघ मारा. मातीवर स्पाइकने ओढा.

शिवण, स्विंग, टप्पा

शिवणीच्या दोन बाजूंना दोन बोटं, अंगठा खाली शिवणीवर, चेंडू आणि तळहात यांच्यामध्ये फट. चेंडू मुठीत दाबून धरला की मनगट अडकतं आणि शिवण डगमगते. उजव्या फलंदाजाला आउटस्विंग टाकायचा तर शिवण पहिल्या-दुसऱ्या स्लिपकडे, लकाकी लेग साइडला. इनस्विंगला शिवण लेग स्लिपकडे, लकाकी ऑफला. थुंकी लावायला 2022 पासून क्रिकेटच्या नियमांत बंदी आहे, घाम चालतो, आणि आपल्याकडच्या दमटपणात त्याची कमतरता नाही. मात्र एकच बाजू सांभाळायची असते. दोन्ही बाजू पुसणारा एक क्षेत्ररक्षक सगळ्या संघाची मेहनत घालवतो.

मनगटासाठी रोज दहा मिनिटं पुरेत. सोबत्यापासून आठ-दहा मीटरवर एक गुडघा टेकून बसा, जुन्या चेंडूच्या शिवणीवरून रंगीत चिकटपट्टी लावा आणि फक्त मनगटाने सोडा. पट्टी हवेत सरळ उभी दिसली पाहिजे. घराच्या पॅसेजमध्येही हे होतं. शरीरावर भार नाही, त्यामुळे हे चेंडू वहीत मोजायचे नाहीत.

टप्प्यासाठी स्टंपपासून 6 ते 8 मीटरच्या पट्ट्यात, ऑफ स्टंप आणि त्याच्या बाहेर एक वीत, अशी चार बुटांची चौकट करा. सहा चेंडूंपैकी किती आत पडले ते लिहा. चार पडायला लागेपर्यंत स्लोअर, नकल, वाइड यॉर्कर अशा फसव्या चेंडूंच्या मागे लागू नका. पंधराव्या वर्षी पाच प्रकारचे स्लोअर येणारा आणि एकाच जागी सहा न टाकू शकणारा गोलंदाज ट्रायलमध्ये पहिल्या फेरीतच घरी जातो.

चेंडूंची वही

आता मुख्य गोष्ट. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डाने वर्षानुवर्षं वापरलेली मर्यादा अशी आहे: 13 वर्षांखाली एका स्पेलमध्ये (न थांबता टाकलेल्या टप्प्यात) 5 आणि दिवसाला 10 षटकं. 14-15 वर्षांखाली 6 आणि 12. 16-17 वर्षांखाली 7 आणि 18. दोन स्पेलमध्ये किमान पहिल्या स्पेलइतक्या षटकांची विश्रांती हवी. आठवड्यातले चार दिवसच गोलंदाजी करायची, आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त नाही.

आपल्याकडे काय होतं ते बघा. मंगळवार ते शुक्रवार अकादमी, तिथे फलंदाजांना सराव हवा म्हणून गोलंदाज दीड तास टाकतच राहतो. सहज शंभर चेंडू होतात आणि कुणी मोजत नाही. शनिवारी शाळेची मॅच, रविवारी क्लबची. शाळेच्या सरांना क्लबचं माहीत नसतं, क्लबच्या कप्तानाला अकादमीचं. सगळ्यांची माहिती फक्त गोलंदाजाकडे असते, आणि चौदा वर्षांचा गोलंदाज बॉल हातात मिळाला की नाही म्हणत नाही. म्हणून वही आई-बाबांनी तपासायची आणि कोचना दाखवायची. 'सर, याचे आज साठच' असं बोलायला संकोच करू नका. चांगला कोच उलट खूश होतो. जो रागावतो त्याच्याकडे वेगवान गोलंदाज ठेवू नये, हे आमचं स्पष्ट मत.

सगळ्यात धोक्याचा काळ मे महिना. दहावीची परीक्षा किंवा वार्षिक परीक्षा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये गोलंदाजी बंद, आणि एप्रिल संपताच उन्हाळी शिबिर, सकाळ-संध्याकाळ दोन सत्रं. शून्यावरून थेट रोज दीडशे चेंडू. हाडाला भाराची सवय व्हायला आठवडे लागतात, स्नायूंसारखं ते पटकन तयार होत नाही. सुट्टीनंतर परतताना पहिला आठवडा तीन दिवस 24-24 चेंडू अर्ध्या जोराने, दुसरा आठवडा तीन दिवस 36, तिसरा तीन दिवस 48 आणि त्यातले निम्मे पूर्ण जोराने. चौथ्या आठवड्यात मॅच. त्यानंतर मात्र एका आठवड्यातून दुसऱ्यात एक-पंचमांशापेक्षा जास्त वाढ नको. परीक्षेच्या काळातही आठवड्यातून दोनदा 20 चेंडू टाकले तर हा सगळा खटाटोप वाचतो.

पाठीच्या खालच्या भागात, एकाच बाजूला आणि टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध दुखत असेल, एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर कळ येत असेल, तर त्या दिवसापासून गोलंदाजी बंद. मालिश, स्प्रे, दुखणं मारणाऱ्या गोळ्या घेऊन मॅच खेळायची नाही. स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीचा ताण साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे, खेळू दे' यावर थांबू नका. लवकर सापडलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीने पूर्ण बरं होतं. तडा पूर्ण गेला तर सीझनच्या सीझन जातो.

शरीर

आठवड्यातून तीनदा: स्क्वॅट, लंज, एका पायाचा ब्रिज, साइड प्लँक दोन्ही बाजूंना 30 ते 45 सेकंद, जिन्याच्या पायरीवर पोटऱ्यांचे व्यायाम, पुशअप्स. स्वतःच्या वजनावर हे सगळं नीट जमेपर्यंत बारबेल नको. धावणं गोलंदाजीसारखंच करा: 20 मीटर जोरात, चालत परत, असं सहा वेळा म्हणजे एक षटक. लांब पल्ल्याचं उद्दिष्ट हवं असेल तर बीसीसीआयने 2021 मध्ये करारबद्ध वेगवान गोलंदाजांसाठी 2 किलोमीटरला 8 मिनिटं 15 सेकंद ठेवले होते. सतरा-अठराव्या वर्षी तिकडे नजर ठेवायला हरकत नाही. पळायला येऊरचा चढ किंवा पारसिकची टेकडी चांगली. डांबरी रस्त्यावर आठवड्यात एखादवेळ पुरे.

ऑक्टोबर आणि मेमध्ये पोटरीत गोळे येतात ते नुसतं पाणी पिऊन जात नाहीत. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, लहान चमचा सपाट भरून, सकाळीच बाटलीत तयार ठेवा. खाण्यात अंडी, दूध, दही, उसळी, मासे भरपूर. टॉवरमध्ये राहून शाळा-क्लास करणाऱ्या मुलांत ड जीवनसत्त्व कमी निघतं, वर्षातून एकदा तपासा.

स्पर्धांची शिडी

शाळा निवडताना तिचा संघ जाइल्स शिल्ड (14 वर्षांखालील) आणि हॅरिस शिल्ड (16 वर्षांखालील) खेळतो का विचारा. मुंबईचे निवडकर्ते मुलं तिथे बघतात. आझाद मैदान, क्रॉस मैदान गाठायचं म्हणजे पहाटेची लोकल आणि पाठीवर किट. गोलंदाजाने बॅगेत बॅटिंगचं मोजकंच सामान ठेवावं आणि दोन्ही खांद्यांवर अडकवायची बॅग घ्यावी, एका खांद्याची नको. शार्दूल ठाकूर पालघरहून यायचा, तुषार देशपांडे कल्याणचा. अंतरामुळे अडत नाही, पण झोप कमी पडली तर त्या दिवशीचे चेंडू कमी करा.

पावसाळ्यात कांगा लीग. 1948 पासून चालत आलेली ही स्पर्धा ओल्या, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर होते. रनअप दोन-तीन पावलांनी कमी करा, पाय पडतो त्या खड्ड्यात भुसा मागून घ्या, स्पाइक्समधला चिखल दर षटकाला काडीने काढा. चेंडू पुढे आणि स्टंपवर ठेवला की विकेट मिळतात. मात्र तिथल्या विकेटींवरून स्वतःला जोखू नका. ओलाव्यावर संथ मध्यमगतीलाही पाच मिळतात, आणि त्या मोहात वेग सोडून दिलेले तरुण गोलंदाज पुढे कोरड्या खेळपट्टीवर दिसेनासे होतात. मोठ्यांत खेळायला लागल्यावर पुरुषोत्तम शिल्डसारख्या स्पर्धा. श्रीरामपूरहून आलेल्या झहीर खानने त्या स्पर्धेत लक्ष वेधलं, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला आणि रणजी पदार्पण बडोद्याकडून केलं. मुंबईचं दार बंद वाटलं तर नियमाने दुसऱ्या राज्याकडून खेळण्यात काहीही कमीपणा नाही.

राज्याच्या पातळीवर 16 खाली विजय मर्चंट, 19 खाली विनू मांकड (एकदिवसीय) आणि कूचबिहार (अनेक दिवसांची), 23 खाली सी. के. नायडू, मग रणजी, विजय हजारे, सय्यद मुश्ताक अली. टी20 मुंबई लीग 2018 ला सुरू झाली आणि 2025 मध्ये परतली, तिच्यात ठाण्याच्या नावाचा संघही आहे. मुलींसाठी 15 वर्षांखालील गटापासून स्पर्धा आहेत आणि 2023 पासून महिला प्रीमियर लीग (डब्ल्यूपीएल). नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2 नोव्हेंबर 2025 ला भारताने महिला विश्वचषक जिंकल्यापासून मुलींसाठी वेगळा नेट मागायला आता लाजायचं कारण उरलेलं नाही. वेगवान गोलंदाज मुली अजून कमी आहेत, त्यामुळे संधी लवकर मिळते.

ट्रायलचा दिवस

सहा ते बारा चेंडू मिळतात. नाव कधी पुकारतील सांगता येत नाही, म्हणून दर वीस मिनिटांनी दोन छोट्या दौडी, खांदे फिरवणं, सोबत्याला चार चेंडू, असं अंग गरम ठेवा. आल्या-आल्या रनअप पावलांनी मोजून खूण करा. पहिला चेंडू ऐंशी टक्के जोराने ऑफ स्टंपवर, बाकीचे पूर्ण जोराने त्याच टप्प्यावर. फलंदाजाने मारलं तरी बाउन्सर टाकून उत्तर द्यायचं नाही. अ‍ॅक्शन सहाही वेळा सारखी येते का, शिवण सरळ जाते का, शेवटच्या चेंडूला वेग तोच आहे का, हे बघितलं जातं. क्षेत्ररक्षणात आळस दिसला तर हे सगळं पुसलं जातं.

निवड झाली, किंवा नाही झाली

रणजीच्या अकरांत खेळणाऱ्याला पहिल्या 20 सामन्यांपर्यंत दिवसाला 40,000 रुपये मानधन आहे, राखीवला निम्मं. अकरांत वेगवान गोलंदाजांच्या जागा तीन, फार तर चार. या पातळीवर डोपिंगची तपासणी होते. 2019 मध्ये मुंबईच्याच पृथ्वी शॉवर खोकल्याच्या औषधातल्या टर्ब्युटालिनमुळे आठ महिन्यांची बंदी आली होती. म्हणून सर्दीची गोळी, कफ सिरप, जिममधली पावडर, काहीही संघाच्या डॉक्टरांना दाखवूनच घ्या.

23 वर्षांपर्यंत राज्याच्या संघात जागा झाली नाही तरी रस्ते आहेत. आयपीएल संघांना नेट बोलर लागतात आणि वानखेडे, डी. वाय. पाटील जवळच आहेत. टाइम्स शिल्ड खेळणाऱ्या कार्यालयांचे संघ, रेल्वे, बँका, प्राप्तिकर खातं इथे खेळाडूंच्या कोट्यातून भरती होते. तिथे पदवी आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं दोन्ही बघतात. त्यामुळे कॉलेज सोडू नका, आणि 16 खालच्या पहिल्या निवडीपासून प्रत्येक प्रमाणपत्र, संघनिवडीचं पत्र आणि स्कोअरशीटची प्रत एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवा. भरतीच्या जाहिराती अचानक निघतात आणि अर्जाची मुदत थोडी असते.